रिमोट लॉगिन: बसवणारा निघून गेला, त्यानं ठेवलेली सेटिंग राहिली

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीत मुख्य कार्यालय असलेली एक सौहार्द सहकारी पतसंस्था. चिकोडी, संकेश्वर आणि खानापुरात शाखा. मुख्य कार्यालयात लिनक्सचा सर्व्हर, त्यावर संस्थेचं सगळं कामकाज. काही अडलं की सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बाहेरून एसएसएचनं, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करून हुकूम चालवायच्या सोयीनं, सर्व्हरवर येतो. मॅनेजर रात्री घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं दिवसाचा हिशेब बघतात. काउंटरवरच्या प्रत्येक संगणकावर एनीडेस्क, म्हणजे दुसरीकडून तो संगणक बघायचा आणि चालवायचा प्रोग्राम. सेक्रेटरी विचारतात: "सगळं बसवलं तसंच चालू आहे, सेटिंगला कुणी हात लावलेला नाही, सर्व्हरचा पासवर्डही अवघड आहे. तरी ऑडिटर म्हणतात धोका आहे. नेमका कसला?"

सेक्रेटरीसाहेब, ऑडिटरांचं बरोबर आहे, आणि कारण तुमच्याच वाक्यात आलंय: सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या संस्था आणि उद्यमबागेतले कारखाने यांची यंत्रणा मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. बाहेरचा माणूस आत शिरल्याची जी प्रकरणं जवळून पाहिली, त्यांत फार हुशारीचा हल्ला क्वचितच होता. कंपनीनं दिलेली किंवा बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी ठेवलेली सेटिंग तशीच राहिली होती आणि येणाऱ्यानं तिचाच उपयोग केला.

मूळ सेटिंग हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो घेताना त्याच्या डोळ्यांपुढे तुमची पतसंस्था नसते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हवं असतं की जगात कुठेही, कुठल्याही संगणकावर पहिल्याच प्रयत्नात जोडणी व्हावी. बसवायला आलेल्या इंजिनिअरला हवं असतं की संध्याकाळच्या आत काम संपावं आणि कोल्हापूरची किंवा हुबळीची गाडी मिळावी. दोघांचंही त्या दिवसापुरतं चुकीचं नसतं. पण तो दिवस संपल्यावर ते निर्णय पुन्हा तपासायचे कुणी, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. म्हणून ते वर्षानुवर्षं राहतात.

आधी सर्व्हर घेऊ, कारण ठेवीदारांचा पैसा तिथल्या नोंदींत आहे.

एसएसएच ही मुळात सुरक्षेसाठीच आलेली गोष्ट आहे. त्याआधी याच कामाला वापरत असलेल्या टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड चोरले, आणि त्यानंतर 1995 मध्ये तिथल्याच टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आज जवळजवळ सगळीकडे वापरात असलेलं ओपनएसएसएच 1999 मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून आलं. रस्त्यावरची चोरी त्यामुळे थांबली. पण ज्याच्याकडे बरोबर पासवर्ड आहे तो खरा माणूस की चोर, हे एसएसएचला कळत नाही, आणि ओपनएसएसएचमध्ये पासवर्डनं लॉगिन मूळ सेटिंगनुसार चालू असतं.

"पासवर्ड अवघड आहे" असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुमच्या मनात एक पासवर्ड असतो, बहुधा रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा. सर्व्हरचा हिशेब वेगळा आहे. ज्या ज्या खात्याला पासवर्ड आणि शेल (हुकूम टाइप करायची सोय) आहे ते प्रत्येक खातं, दुसरं काही सांगितलं नसेल तर, बाहेरून लॉगिन करू शकतं. तुमच्यासारख्या संस्थांत अशी खाती हमखास सापडतात: बॅकअपसाठी एक, इंजिनिअरनं चाचणीसाठी केलेलं एक, सोडून गेलेल्या क्लार्कचं एक, आणि पिग्मी एजंटांच्या मशीनमधून दिवसाची वसुली सर्व्हरवर चढवायला केलेलं एक. या शेवटच्याचं नाव बहुतेक वेळा 'पिग्मी' असतं आणि पासवर्ड त्याच नावापुढे एक-दोन-तीन. नावं आणि पासवर्ड आलटून-पालटून वापरून बघणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना निपाणी कुठे आहे हे ठाऊक नसतं आणि त्याची गरजही नसते. ते पत्ते क्रमानं घेतात. पोर्ट 22, म्हणजे एसएसएचचं ठरलेलं दार, उघडं दिसलं की सुरू. सर्व्हरची लॉगिनची नोंदवही उघडून एका रात्रीचे फसलेले प्रयत्न एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे संचालक मंडळाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

इथे एक गैरसमज होतो. एका जोडणीत जास्तीत जास्त सहा प्रयत्न, अशी मर्यादा ओपनएसएसएचमध्ये मूळचीच आहे, म्हणून लोकांना वाटतं की सहा चुकांनंतर खातं बंद पडतं. तसं होत नाही. ती जोडणी तुटते. समोरचा लगेच नवी जोडतो आणि पुन्हा सहा मिळतात. सतत चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ अडवून ठेवण्याची सोय ओपनएसएसएचमध्ये जुलै 2024 च्या 9.8 आवृत्तीपासून मुळातच चालू आली. तुमचा सर्व्हर त्याआधीचा असेल तर फेलटूबॅनसारखं काहीतरी वेगळं बसवावं लागतं, आणि ते कुणी बसवलेलं नसेल तर ते नाहीच.

रूटचं उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण मूळ सेटिंग बदलल्यानं काय होतं आणि काय होत नाही हे त्यात दिसतं. 2015 पर्यंत ओपनएसएसएचमध्ये रूटला पासवर्डनं थेट लॉगिन करायची मुभा होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या 7.0 आवृत्तीत ती काढली. रूटला यायचंच असेल तर किल्लीच्या फाइलीनं, पासवर्डनं नाही. चांगला बदल. पण नवी आवृत्ती चढवताना जुनी सेटिंगची फाइल पुसली जात नाही, आणि जाऊही नये, कारण तिच्यात तुमचे बदल असतात. त्यामुळे त्या आधी बसवलेला आणि पुढे अपडेट होत आलेला सर्व्हर आजही जुनाच नियम पाळत असू शकतो. शिवाय रूटची मुभा मुद्दाम परत चालू करणारे इंजिनिअर पुष्कळ आहेत, कारण त्यांना एकाच लॉगिनमध्ये सगळं उरकायचं असतं. आवृत्तीचा आकडा बघून निश्चिंत राहू नका. सर्व्हर आत्ता कुठला नियम पाळतोय ते बघा.

ते बघायची एक खात्रीची रीत आहे, आणि या उत्तरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लोक सेटिंगची मुख्य फाइल उघडतात, 'पासवर्डऑथेंटिकेशन' पुढे 'नो' लिहितात, सेवा पुन्हा सुरू करतात आणि काम झालं म्हणतात. उबुंटूवर मात्र मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच एका वेगळ्या फोल्डरातल्या छोट्या फाइली आत घेतल्या जातात, आणि ओपनएसएसएचचा नियम असा की एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी भेटेल ती खरी. भाड्यानं घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर त्या फोल्डरात क्लाउड-इनिटनं (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामनं) ठेवलेली फाइल असू शकते, आणि तिच्यात हीच सेटिंग 'येस' असू शकते. मग खाली लिहिलेलं तुमचं 'नो' वाचलं जातं पण मानलं जात नाही. दुसरा सापळा 'केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन' या सेटिंगचा. ती मुळात चालू असते आणि पॅम (लिनक्समध्ये लॉगिनची ओळख तपासणारी यंत्रणा) जोडलेलं असेल तर तिच्या वाटेनंही पासवर्ड विचारला जातो. काही लिनक्स वितरणं ती आपणहून बंद ठेवतात, काही नाही. पहिली बंद आणि दुसरी चालू असेल तर फाइल बघून तुम्हाला पासवर्ड बंद वाटतो आणि बाहेरच्याला तो विचारला जातो.

म्हणून फाइलीवर विश्वास ठेवू नका. रूट म्हणून 'एसएसएचडी' हा प्रोग्राम हायफन आणि इंग्रजी मोठा टी लावून चालवा. सगळ्या फाइली वाचून झाल्यावर त्याच्या लेखी काय ठरलं, ती पूर्ण यादी तो छापतो. त्यात या दोन्ही सेटिंगपुढे 'नो' दिसलं पाहिजे. नंतर ज्या संगणकावर किल्ली नाही अशा बाहेरच्या संगणकावरून लॉगिन करून बघा: पासवर्ड विचारण्याआधीच नकार आला, तर बंद झालं.

पासवर्ड बंद केल्यावर लॉगिन किल्लीच्या जोडीनं होतं. गुप्त अर्धा भाग माणसाच्या लॅपटॉपवर, उघडा अर्धा सर्व्हरवर. नवीन करताना 'ईडी25519' प्रकारची करा, आणि गुप्त भागाला स्वतःचा सांकेतिक शब्द घाला. किल्ली बनवणारा प्रोग्राम तो विचारतो, पण रिकामं सोडून एंटर दाबलं तरी चालवून घेतो, आणि बहुतेक लोक तेच करतात. मग लॅपटॉप बसमध्ये विसरला की सर्व्हरची किल्लीही गेली. सॉफ्टवेअर कंपनीला सांगा की प्रत्येक इंजिनिअरची किल्ली वेगळी हवी. सगळ्या कंपनीची मिळून एकच किल्ली असेल तर कोण आलं होतं ते कळत नाही, आणि एकानं नोकरी सोडली तरी त्याचा प्रवेश काढता येत नाही.

आता त्या पिग्मीच्या खात्याकडे परत येऊ. इंजिनिअर सांगतील की ते फक्त फाइल चढवण्यापुरतं आहे, त्यानं काय होतंय? ओपनएसएसएचमध्ये 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग' नावाची सेटिंग मुळात चालू असते. तिचा अर्थ असा की लॉगिन झालेला कुणीही त्या जोडणीतून बोगदा काढून, सर्व्हर जिथे जिथे पोहोचू शकतो तिथे स्वतः पोहोचू शकतो. तुमचा डेटाबेस बाहेरून दिसू नये म्हणून त्याला फक्त सर्व्हरच्या आतूनच उत्तर द्यायला सांगितलेलं असतं. बोगद्यातून आलेला माणूस डेटाबेसला आतलाच वाटतो. शाखांचे संगणक, राउटरचं पान, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, सगळं त्याला त्याच वाटेनं गाठता येतं. खात्याला शेल दिलेलं नसलं, फक्त फाइल पाठवण्याची सोय असली, तरी ही सेटिंग वेगळी बंद करावी लागते. पिग्मीच्या खात्यासाठी सेटिंगच्या फाइलीत 'मॅच युजर' असा वेगळा भाग करून त्यात फक्त अंतर्गत एसएफटीपी (एसएसएचमधून फाइली पाठवायची सोय) सक्तीचं करा, त्याच्या फोल्डरबाहेर जाता येणार नाही असं बांधून टाका आणि फॉरवर्डिंगपुढे 'नो' लिहा. आणि कोणकोणती खाती बाहेरून येऊ शकतात त्यांची नावंच 'अलाऊयुजर्स' मध्ये लिहून ठेवा. ही यादी मुळात नसते, म्हणजे सगळ्यांना मुभा. यादी एकदा लिहिली की उद्या कुणी नवं चाचणीचं खातं केलं तरी ते आपोआप बाहेरून उघडं पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी एसएसएच वापरणाऱ्याकडून होते. पहिल्यांदा सर्व्हरशी जोडताना पडद्यावर विचारणा येते की हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? लोक न वाचता 'येस' लिहितात. पतसंस्थेच्या माणसाला हे नमुना सहीसारखं आहे म्हटलं की लगेच कळतं: पहिल्या दिवशी कार्डावर घेतलेली सहीच चुकीच्या माणसाची असेल तर पुढे प्रत्येक वेळी ती जुळतच राहणार. सर्व्हर बसवतानाच तो ठसा कागदावर घ्या आणि पहिल्या जोडणीला ताडून बघा. पुढे कधी "किल्ली बदलली आहे" असा इशारा आला, तर जुनी नोंद पुसून पुढे जायचं नाही. सर्व्हर खरंच नव्यानं बसवलाय का, ते आधी फोन करून विचारायचं.

हे सगळं नीट केलं तरी पोर्ट 22 जगाला उघडं ठेवावं का? माझं उत्तर नाही असं आहे. 1 जुलै 2024 रोजी क्वालिस कंपनीनं ओपनएसएसएचमधली एक त्रुटी जाहीर केली. तिला 'रिग्रेशन'वरून 'रेग्रेएसएसएचिऑन' असं नाव पडलं. 2006 मध्ये दुरुस्त झालेला दोष पुढच्या एका बदलात परत आला होता, आणि 8.5 पासून 9.7 पर्यंतच्या आवृत्त्यांत राहिला. लॉगिन पूर्ण करायला दिलेल्या मुदतीत, जी मुळात 120 सेकंद असते, समोरच्यानं लॉगिन केलंच नाही तर सर्व्हर जे आवरतो त्या आवरण्यातच तो दोष होता. म्हणजे पासवर्ड लागत नव्हता, किल्लीही लागत नव्हती. पोर्टापर्यंत पोहोचता येणं पुरेसं होतं. प्रत्यक्षात त्याचा फायदा उठवणं वेळखाऊ आणि कठीण होतं हे खरं, पण ज्यांचं पोर्ट फक्त ठरावीक पत्त्यांनाच दिसत होतं ते त्या आठवड्यात शांतपणे अपडेट करू शकले.

पोर्टचा आकडा 22 वरून 2222 केला की झालं, असं काही इंजिनिअर सांगतात. त्यानं नोंदवहीतला गोंगाट कमी होतो. शोधणाऱ्याला ते पोर्टही सापडतं.

आता मॅनेजरसाहेबांचा रिमोट डेस्कटॉप. तुमच्या सगळ्या यंत्रणेत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

खरं सांगायचं तर विंडोजची मूळ सेटिंग इथे बरीच बरी आहे. रिमोट डेस्कटॉप मुळात बंद असतो. पासवर्ड नसलेल्या खात्यानं नेटवर्कवरून लॉगिन करता येत नाही, हाही मूळचाच नियम आहे. घोळ होतो तो ही सोय चालू करताना. मॅनेजरांच्या संगणकाला इतकी वर्षं पासवर्ड नव्हता. रिमोट डेस्कटॉप पासवर्डशिवाय घेत नाही म्हणून त्याच दिवशी कुणीतरी '1234' किंवा संस्थेचं नाव घातलं. कालपर्यंत ज्या खात्याला बाहेरून हात लागत नव्हता, ते आज चार आकड्यांवर आलं. ते खातं बहुधा ॲडमिनिस्ट्रेटर गटातलं असतं, आणि त्या गटाला रिमोट डेस्कटॉपची मुभा आपोआपच असते. त्यातच जुन्या विंडोजमध्ये कितीही वेळा पासवर्ड चुकला तरी खातं कुलूपबंद होत नसे. दहा चुकांनंतर दहा मिनिटं बंद, हा नियम मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 च्या 22एच2 आवृत्तीपासून नव्या संगणकांवर मुळात चालू ठेवला. तुमच्याकडे जुनं विंडोज असेल तर तो नियम स्थानिक सुरक्षा धोरणात जाऊन स्वतः लावावा लागेल.

आणि मग राउटर. आपल्याकडच्या बऱ्याच केबलवाल्यांच्या जोडणीत अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. मॅनेजरांना घरून यायचंय म्हणून महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतला जातो, राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट 3389 आत वळवलं जातं, आणि त्या दिवसापासून तो संगणक सगळ्या जगापुढे उभा राहतो. मे 2019 मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली तेव्हा विंडोज 7, एक्सपी, सर्व्हर 2003 आणि 2008 यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवाय शिरता येणं शक्य होतं. मायक्रोसॉफ्टला ते इतकं गंभीर वाटलं की मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही त्यांनी दुरुस्ती दिली. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन ही सेटिंग चालू असेल तर लॉगिनचा पडदा दिसण्याआधीच ओळख मागितली जाते आणि अशा त्रुटींपासून बराच आडोसा मिळतो. पण जुन्या संगणकावरून जोडणी होत नाही म्हणून तीच सेटिंग काढून टाकलेली मी ठिकठिकाणी पाहिली आहे. कृपा करून ती काढू नका; जुना संगणक बदला. विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 ला संपली आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. ज्या संगणकावर ठेवीदारांचा हिशेब उघडतो तिथे हे खपवून घेऊ नये.

पोर्ट 3389 राउटरमधून आजच काढा. उद्या नको. मॅनेजरसाहेबांना दोन दिवस घरून काम करता आलं नाही तरी चालेल.

एनीडेस्कचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तिथे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. दोन्ही बाजू कंपनीच्या मधल्या सर्व्हरला जाऊन भेटतात. मूळ सेटिंगनुसार कुणीही तुमचा नंबर टाकून जोडणीची विनंती पाठवू शकतो आणि काउंटरवर एक खिडकी उघडते. ती खिडकी इंग्रजीत, समोर पिग्मीचे, पेन्शनचे लोक रांगेत, आणि फोनवर कुणीतरी हिंदीत सांगतंय, "मॅडम, सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, ॲक्सेप्ट दाबा." कॅशियरताई दाबतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. एनीडेस्क वापरून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं, आणि फसवणूक अशाच फोननं होत होती. तीन कामं करा. प्रवेश यादी चालू करून सॉफ्टवेअर कंपनीचेच ठरलेले नंबर त्यात ठेवा. कुणी समोर नसताना जोडण्यासाठी ठेवलेला पासवर्ड काढून टाका. लागलाच तर प्रत्येक संगणकाला वेगळा आणि दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसह. आणि काम नसताना एनीडेस्क बंद ठेवा. ते संगणकाबरोबर आपोआप सुरू व्हायला नको. काउंटरवर मराठी आणि कन्नड दोन्हींत एक कागद चिकटवा: फोन आला तर ठेवून द्या, कंपनीच्या आपल्याकडे लिहिलेल्या नंबरावर आपण फोन करा, मगच जोडा. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्क कंपनीनं स्वतःच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि प्रमाणपत्रं बदलली, तेव्हा जुनी आवृत्ती कुठे पडून असेल तर तीही बदला.

तुमच्या पत्रात नाही, पण उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले वाचक असतील म्हणून व्हीएनसीबद्दल, म्हणजे दुरून पडदा बघायच्या आणि चालवायच्या आणखी एका सोयीबद्दल, थोडक्यात. मशीनच्या पडद्यांवर, पॅनेलवर व्हीएनसी सर्रास असतं. त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, आणि पुढची पडद्याची देवाणघेवाण कूटबद्ध नसते. सोळा अक्षरांचा पासवर्ड घालून समाधान मानणाऱ्याला हे माहीत नसतं. मशीन पुरवणाऱ्यानं सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवलेला असतो तो निराळाच. भट्टी किंवा सीएनसी बाहेरून चालवता येणं म्हणजे माणसाच्या हाताला इजा होण्याचा धोका, म्हणून तिथे व्हीएनसी थेट इंटरनेटवर कधीच नको.

डीव्हीआरचंही तेच. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं कॅमेरे, डीव्हीआर, राउटर यांच्या टेलनेटवर कारखान्यातून आलेली साठेक नाव-पासवर्डांची जोडी लावून बघितली, आणि तेवढ्यावर उभं राहिलेलं जाळं ऑक्टोबरमध्ये वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर सोडल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. तुमच्या शाखांतले डीव्हीआर राउटरमधल्या यूपीएनपी या सोयीनं स्वतःच स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतात, आणि ती सोय बऱ्याच राउटरांत मुळात चालू असते. ती बंद करा. मूळ सेटिंग बदलून किती फरक पडतो याचं चांगलं उदाहरणही आहे: रास्पबेरी पायच्या प्रणालीत 2016 च्या अखेरीस एसएसएच मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली, आणि एप्रिल 2022 मध्ये सगळ्यांना ठाऊक असलेलं 'पाय' हे तयार खातंच काढलं. आता नाव आणि पासवर्ड स्वतः ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरवठादारांकडे मागायचं तर हेच मागायला हवं.

मग मॅनेजरांनी आणि इंजिनिअरांनी यायचं कसं? मी तुमच्या आकाराच्या संस्थेत वायरगार्ड लावतो, म्हणजे इंटरनेटवरून संस्थेच्या जाळ्यात येणारी कूटबद्ध खासगी वाट (व्हीपीएन). लिनक्सच्या गाभ्यात ते 2020 पासून आहे, फुकट आहे, आणि त्याचा मला आवडणारा गुण म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून शोधणाऱ्याला तिथे काही चालू आहे हेच दिसत नाही. प्रत्येक माणसाला त्याची किल्ली, आणि एसएसएच, रिमोट डेस्कटॉप ही दोन्ही फक्त वायरगार्डच्या आतल्या पत्त्यांना उत्तर देतील अशी बांधायची. शाखाही त्याच जाळ्यात आणता येतात. जोडणीला आयपीव्ही6 (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तिकडूनही तपासा. राउटरमध्ये पोर्ट वळवलेलं नाही एवढ्यानं तिथे भागत नाही, राउटरचा फायरवॉल ती बाजू अडवतो का ते पाहावं लागतं.

पोर्ट 3389 आजच काढायचं ते सोडून, यातलं बाकी काही करण्याआधी एक संध्याकाळ फक्त बघण्यासाठी ठेवा. संस्थेच्या वायफायवर नव्हे, मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडून एनमॅपनं (उघडी पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रामनं) तुमचा स्टॅटिक पत्ता तपासा आणि जी पोर्ट उघडी दिसतील ती लिहून काढा. प्रत्येकापुढे दोन रकाने: कुणासाठी, आणि केव्हापर्यंत. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही ते बंद करायचं. विंडोजच्या नोंदींत घटना क्रमांक 4625 म्हणजे फसलेलं लॉगिन, 4624 म्हणजे झालेलं. त्यात लॉगिनचा प्रकार 10 असेल तर ते रिमोट डेस्कटॉपनं आलेलं. मॅनेजर झोपलेले असताना झालेलं 4624 सापडलं तर संगणक नेटवर्कवरून काढा, पण बंद करू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका. पुरावा त्यातच असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपायच्या असतात. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग जिल्ह्याचं सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं.

बदल करायचा दिवस नीट निवडा. मार्चअखेर नको, व्याज आकारणीचा दिवस नको, पिग्मीची वसुली चढते ती वेळ नको. एसएसएचची सेटिंग बदलताना एक लॉगिन उघडं ठेवा, 'एसएसएचडी' ला हायफन आणि छोटा टी लावून फाइलीत चूक नाही ना ते बघा, सेवा पुन्हा सुरू करा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच पहिलं बंद करा. त्या वेळी सर्व्हरपाशी कीबोर्ड आणि पडदा घेऊन एक माणूस प्रत्यक्ष बसलेला असू द्या.

सॉफ्टवेअर कंपनीला पत्र पाठवताना तीन गोष्टी लेखी मागा: सर्व्हरवर त्यांची कोणकोणती खाती आहेत, ती कोण वापरतं, आणि एसएसएचडीनं छापलेली पूर्ण सेटिंगची यादी. यादी आली की खात्यांची नावं आणि ती सेटिंग इथे टाका, पासवर्ड आणि पत्ते गाळून. कुठलं खातं ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते एकेक करून सांगतो.